कुंपणाखालून गेलेली कळलावी

कळलावी घराजवळ लावू नये, असं आमच्या झाडीपट्टीत सगळेच म्हणायचे. ती दारात असली की घरात भांडणं लागतात, शेजारी शेजाऱ्याचं तोंड पाहत नाही. मी तरी ती लावली, आणि लावली ती थेट घरामागच्या सांदवाडीत, दोन घरांच्या मधल्या कुंपणाला.

गडचिरोली चंद्रपुरापासून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आसपासची गोष्ट. मी पळसटोल्याच्या शाळेत शिकवत होते. आरमोरीहून आत, गाढवी नदीच्या अंगाला असलेलं हे गाव. माझे यजमान, त्यांचं नाव खुशाल, तेव्हा सिरोंच्याला नोकरीवर होते. तिकडे राहून तेलुगू शिकले होते. दोन-तीन महिन्यांनी घरी आले की भात वाढताना हात आडवा धरून "चालू, चालू" म्हणायचे. तेलुगूत त्याचा अर्थ पुरे. आणि माझी सासू गिरजाबाई, जिला मी मामी म्हणायची, ती मुद्दाम आणखी एक डाव वाढायची. एरवी घरात आम्ही दोघीच. दोघींचं तसं बरं चालायचं. एका कळलावीवरून मात्र नेहमी वाद.

शाळेच्या वाटेवर बांबूचं एक बेट होतं. श्रावणात त्या बेटातून कळलावी वर चढलेली दिसायची. तिच्या पानाचं टोक बारीक होत जाऊन पोरीच्या बटेसारखं वळतं आणि जे सापडेल त्याला धरतं, बांबूला, काटकीला, शेजारच्या गवताच्या पातीला. फूल उमलताना हिरवट असतं, मग पिवळं, मग पाकळ्या उलट्या वर वळतात आणि टोकाकडून लाल होत खाली येतात. एकाच वेलावर एक फूल हिरवं, एक पिवळं, एक भडकलेल्या चुलीसारखं. मी छत्री मिटून पावसात उभी राहायची आणि शाळेला उशीर व्हायचा.

पहिल्या वर्षी मी दोन कंद खणून आणले आणि दोन्ही वाया गेले. कळलावीचा कंद वाकडा असतो, नांगराच्या फाळासारखा, कोपरातून दुमडलेला. तिचा डोळा फक्त टोकाला. एकच. ते टोक मोडलं की पुढे काही नाही, कंद जमिनीत तसाच पडून राहतो. माझ्या खुरप्यानं दोन्ही टोकं मोडली होती. दुसऱ्या वर्षी हातानं माती उकरून आणले, शेणखतात लावले, ते कुजले. तिसऱ्या वर्षी मी बांबूच्या बेटाखालचा पाचोळा आणि नदीची रेती आणली, कंद चार बोटं खोल आडवे ठेवले, आणि मृगानंतर एका सकाळी मातीतून हिरवं बोट वर आलेलं दिसलं. मी मामींना हाक मारून दाखवलं.

"लाव, लाव," मामी म्हणाल्या. "घरात नवरा नाई भांडाले, तं झाड लावून घेतलं मास्तरणीनं."

कुंपणाच्या पलीकडे रामाजी आणि रुखमाबाईंचं घर. शेती चांगली, दोन बैलजोड्या, अंगणात शेळ्या. माणसं वाईट नव्हती. आमच्या घरात काही कमी पडलं तर रुखमाबाई कुंपणावरून सांगायच्या, "या घेऊन जा, देतो." पण आम्ही बौद्ध, आणि गावात जुन्या रीती अजून गेल्या नव्हत्या. त्यांच्या घरात आम्ही ओसरीपर्यंत. चुलीजवळ नाही, पाण्याच्या घडवंचीजवळ नाही. आमचा हात लागलेलं शिजलेलं किंवा भिजवून वाटलेलं अन्न त्या घरात कोणी खायचं नाही. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

कुंपणाची मात्र दुसरी रीत होती. ते दोन्ही घरांचं. वालाचा वेल कोणीही लावो, शेंग ज्याच्या बाजूला लोंबली ती त्याची. जमिनीतलंही तसंच. रामाजींनी त्यांच्या बाजूनं रानातले कडूकांद आणून लावले होते. ते वेलही त्याच कुंपणावर चढायचे. त्यातला एखादा कांद आमच्या बाजूला वाढला तर मामी खणून घ्यायच्या आणि रामाजी काही म्हणायचे नाहीत. कुंपणात एक भगदाडही होतं, माणूस वाकून जाईल एवढं. त्यातून शेळ्या यायच्या, रुखमाबाईंची लेक गुलाब यायची, मामी जायच्या.

ते भगदाड बंद झालं कळलावी रुजली त्याच्या पुढच्या वर्षी, आश्विनात.

रुखमाबाईंनी अंगणात खाटेवर कापड अंथरून उडदाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. त्या आणि रामाजी शेतावर. दुपारी आभाळ एकाएकी भरून आलं. मामींनी पाहिलं, भगदाडातून पळत गेल्या आणि कापड चारी कोपऱ्यांनी उचलून वड्या ओसरीवर नेऊन ठेवल्या. एक वडी भिजली नाही. परत आल्या तेव्हा त्या स्वतः निथळत होत्या, पण चेहरा खुशीत.

संध्याकाळी रुखमाबाई आल्या. वड्या पाहिल्या. कोणी ठेवल्या ते त्यांना कळलं. त्यांनी कापड उचललं आणि सगळ्या वड्या बैलांच्या गव्हाणीत ओतल्या.

मामी आमच्या मागच्या ओसरीवरून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाल्याकडून बोरीच्या काट्या ओढत आणल्या आणि भगदाडात ठासून ठासून भरल्या. मी म्हटलं, "मामी, राहू द्या, मी भरते." तर म्हणाल्या, "तू तुही कळलावी पाह्य. दिवाळीच्या पयले भांडन लावलं का नाई तिनं?"

त्यानंतर दोन्ही घरांचा अबोला. कुंपणावरून मीठ नाही, विस्तव नाही, शब्द नाही. गुलाब सातव्या महिन्यात माहेरी आली, पहिलं बाळंतपण, तीसुद्धा नुसती लांबून हसायची. आणि मामींनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, की वेल वाळला की कळलावी उपटायची.

दिवाळीनंतर वेल वाळला. त्यानंतरही मी दिवस लांबवत राहिले. शेवटी पौषातल्या एका रविवारी सकाळी मामी सुपात तांदूळ घेऊन ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज सुट्टी हाय ना तुले? मंग काढ."

मी खाली बसले आणि हातानं माती उकरू लागले. कंद चांगले निघाले तर शाळेच्या मागे नेऊन लावायचे, असं मनात होतं. पहिल्या जागी जुन्या कंदाचं टरफल निघालं, कागदासारखं, आत काही नाही. हे मला अपेक्षितच होतं. कळलावीचा जुना कंद दर वर्षी संपतो आणि त्याच्या टोकापुढे नवा होतो. म्हणून ती लावल्या जागी राहत नाही, दर वर्षी थोडी पुढे जाते. मी टरफलाच्या टोकाच्या दिशेनं उकरत गेले. पुढचं टरफल कुंपणाच्या अगदी जवळ निघालं. त्यापुढे माती भुसभुशीत होती, आणि एक अर्धा कंद हाताला लागला. पावड्यानं सरळ कापलेला. कापलेली बाजू पांढरी, अजून पुरती वाळली नव्हती.

उरलेला अर्धा कुंपणाच्या पलीकडे गेला होता.

मी उठून काट्यांवरून पाहिलं. त्यांच्या बाजूला कुंपणाच्या कडेनं सगळी ओळ खणून काढलेली. रामाजींनी कडूकांद काढले होते. कालच काढले असणार, माती वर काळी होती. वेल वाळल्यावर कडूकांदाचं काय नि कळलावीचं काय, मातीच्या वर सारख्याच सुतळ्या राहतात. त्यांनी त्यांच्या बाजूचं सगळं काढून घेतलं होतं, रीतीप्रमाणे.

कुंपणाच्या पायथ्याशी त्यांचा उकिरडा. तिथे कांदाच्या सालींचा ढीग पडला होता. राखेनं करड्या झालेल्या साली, कापून टाकलेली टोकं. एक शेळी त्यात तोंड घालून उभी होती. मी काट्यांतून हात घातला, कोपरापर्यंत ओरखडे आले, आणि मूठभर साली ओढून घेतल्या.

त्यात टोकं होती. निमुळती, गुळगुळीत, डोळा असलेली. कडूकांदाला अंगभर मुळं असतात, दाढी न केलेल्या माणसासारखा असतो तो. आणि हे टोक मी आधी मोडून आणि मग जपून जपून ओळखायला शिकले होते.

मग माझं लक्ष अंगणातल्या चुलीकडे गेलं. चुलीवर मोठा गंज होता, झाकण थडथडत होतं. रुखमाबाई चुलीशी, आणि गुलाब भिंतीला टेकून, पाय लांब करून, मांडीवर जर्मनची ताटली घेऊन बसलेली.

कडूकांद करण्याची आमच्याकडे रीत आहे. ते नावाप्रमाणे कडू आणि घशाला खाजरे. म्हणून आधी राखेच्या पाण्यात उकडायचे, सोलून चकत्या करायच्या, टोपलीत घालून रात्रभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मीठ घालून पुन्हा उकडायच्या. मग ते गोड लागतात. थोडा कडूपणा राहिला तरी कोणी चमकत नाही, खातात. दुसऱ्या कुठल्या गावात कडू लागल्यावर माणूस थुंकला असता. आमच्याकडे म्हणाला असता, अजून थोडं मीठ टाक.

पण कळलावीचं विष राखेनं जात नाही. माझ्या माहेरी, सिंदेवाहीकडे, शेजारच्या घरातल्या एका सुनेनं जिवाला कंटाळून ती उकडूनच खाल्ली होती, गूळ लावून. पोटात आग, मग दोन-तीन दिवस वाटलं की वाचली. मग तिचे केस मुठी मुठीनं हातात यायला लागले. तिला जाताना मी पाहिलं होतं.

"रुखमाबाई!" मी हाक मारली.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"रुखमाबाई, गंज उतरवा. त्याच्यात कळलावी हाय!"

रुखमाबाईंनी लाकूड आत सारलं. "गुलाब," त्या म्हणाल्या, "आपल्याले कोनी आवाज देऊन राह्यलं का वो? मले तं काही आयकू नाई येत."

गुलाब अवघडून हसली. "माय, मास्तरीणबाई हायेत."

"गुलाब, तू खाऊ नोको," मी म्हटलं. "ह्या पाह्य साली. हे टोक पाह्य. हा कांद नोहे. माही कळलावी कुंपनाखालून तिकडं आली, तुह्या बाबानं कांदासंगं काढली."

आता रुखमाबाई उठल्या. कमरेवर हात ठेवून मधे उभ्या राहिल्या, पण कुंपणापासून लांबच.

"कुंपनाच्या इकडचं आमचं होय का नाई?"

"होय. तुमचंच होय. पन ते इख हाय."

"कांद कोनी लावले? आमच्या मानसानं. वेल कोनाचे? आमचे. पोट्टी पोटुशी हाय, तिनं तोंडानं मांगून खाल्लं नाई काही, पयल्यांदा म्हनलं माय कडूकांद कर, अन् हे कुंपनावर येऊन अभद्र बोलते."

"बाई, मी कायले अभद्र बोलू? कडू लागन तुमाले..."

"कडूकांद कडूच राह्यते! शाळंत शिकोते अन् येवढं नाई मालूम?"

"राखेनं हे जात नाई, रुखमाबाई. उकडून खाल्लेली बाई मी मरताना पाह्यली."

एक क्षण त्या थांबल्या. मला वाटलं, ऐकलं. मग त्यांच्या डोळ्यांत काही तरी फिरलं आणि त्या ओसरीकडे पाहू लागल्या, आमच्या ओसरीकडे, जिथे मामी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"समजलं मले," त्या म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता आणि तो मला जास्त वाईट वाटला. "मी वड्या ढोरायले टाकल्या, त्याचा हा बदला होय. माह्याच हातानं माहा गंज उकिरड्यावर ओताले लावता. सासूनं शिकोलं अन् सुनेनं बोललं."

"तसं नाई वो बाई..."

"तसंच होय! मले काही अक्कल नाई का?"

त्यांनी फडक्यानं झाकण उचललं. वाफ वर आली. पळीनं चकत्या काढल्या, पांढऱ्या, शिजून कडा विरघळलेल्या. कुठली चकती कांदाची नि कुठली कळलावीची, हे आता मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी त्या गुलाबच्या ताटलीत टाकल्या, वर मीठ-मिरची टाकली.

"खा. पाह्यू दे त्यायले."

"गुलाब!" मी ओरडले. "तुह्या पोटातल्यासाठी आयक!"

गुलाबनं एक चकती दोन बोटांत धरली. ती भाजत होती म्हणून फुंकर घालत होती. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती घाबरली होती, पण कोणाला घाबरली होती, ते सांगता येत नव्हतं. आईचा शब्द मोडायचा, तोही आमच्यासाठी, आणि तोही चुलीसमोर. तिच्या हाताला ते जमत नव्हतं. चकती ओठांपर्यंत जात होती आणि थांबत होती.

"निवली का नाई?" रुखमाबाई म्हणाल्या.

मी काट्यांत हात घालून ओढू लागले. बोरीच्या काट्या एकमेकींत अडकलेल्या असतात, एक ओढली की दहा येतात आणि एकही निघत नाही. पुढच्या दारानं रस्त्यावरून फेरा मारून जावं, तर तोपर्यंत ताटली रिकामी झाली असती. मला मामींचा फार राग आला. समोर सगळं चाललंय आणि ही बाई सूप धरून बसली आहे.

तेवढ्यात सूप पडल्याचा आवाज आला. तांदूळ ओसरीभर झाले.

मामी माझ्या बाजूला आल्या, मला खांद्यानं सारलं, आणि स्वतः ठासलेल्या त्या काट्या दोन्ही हातांनी कवेत घेऊन ओढल्या. लुगड्याचा पदर फाटला. भगदाड मोकळं झालं आणि त्या वाकून पलीकडे गेल्या.

"गिरजाबाई!" रुखमाबाई ओरडल्या. "इकडं येऊ नोका! चुलीपाशी येऊ नोका सांगतो!"

मामी थांबल्या नाहीत. गुलाबच्या समोर जाऊन वाकल्या आणि तिच्या ताटलीत हात ठेवला. पूर्ण पंजा. चकत्या त्यांच्या बोटांखाली चिरडल्या. गुलाबच्या हातातली चकती त्यांनी तिच्या बोटांतून काढून घेतली.

मग त्या चुलीकडे वळल्या. रुखमाबाई आडव्या आल्या, पण आडव्या येऊन धरणार कशा? धरायला शिवावं लागलं असतं. त्या मागे सरकल्या. मामींनी उकळत्या गंजाच्या काठावर हात ठेवला, आणि ठेवलेला हात उचलला नाही. मला मांस भाजल्याचा वास आला असं वाटलं. वाफेमुळे असेल, भीतीमुळे असेल.

"मी शिवली," मामी म्हणाल्या. "ताटलीले शिवली, गंजाले शिवली. बाटलं आता सारं. आता खाऊ घाल तुह्या पोट्टीले."

चुलीतलं लाकूड फुटलं.

मग रुखमाबाईंनी तोंड उघडलं. त्यांनी काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. आमच्या जातीवरून, आमच्या मेलेल्यांवरून, माझ्या रिकाम्या कुशीवरूनही. बोलता बोलता त्यांनी काठीनं गंज चुलीवरून ढकलला. पाणी राखेत गेलं, चकत्या अंगणभर झाल्या. ताटली त्यांनी काठीनंच उकिरड्याकडे लोटली. मामी उभ्या राहून ऐकत होत्या. सगळं सांडलेलं डोळ्यांनी पाहिल्यावरच त्या मागे फिरल्या, वाकून भगदाडातून आल्या, आणि ओसरीवर बसून डाव्या हातानं तांदूळ गोळा करू लागल्या.

उजवा हात त्यांनी मला दाखवलाच नाही. मीच धरून पाहिला. तळव्यावर गंजाच्या काठाची रेघ उठली होती, फोड भरत होता. मी कोरफडीचं पान चिरून लावू लागले.

"वाचली ना पोट्टी?" त्यांनी विचारलं.

"वाचली, मामी."

पान अर्धं लावून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "छप्पन साली चांद्याले दीक्षा घेतली तवापासून मी कोनाले म्हनू नाई देलं, का गिरजीच्या हातानं काही बाटते. माह्या तोंडावर म्हननाऱ्याले मी भर बजारात उभं केलं. आज मी सोताच म्हनली."

मी फुंकर घालत राहिले.

दुपारभर मी भगदाडाशी उभी राहून पाहत होते, शेळ्यांनी आणखी काही खाऊ नये म्हणून. त्यांना हाकलायला पलीकडे गेले तेव्हा रुखमाबाई दार लावून आत बसलेल्या. चकत्या मी फाटक्या पोत्यात गोळा करून घेतल्या. सालींत तोंड घातलेली ती शेळी भिंतीशी बसली होती. दिवस कलताना ती उठेना. मान लांब केली होती आणि मागून पाणी जात होतं.

रामाजी आरमोरीच्या बाजारातून आले, वाटेतच कोणी सांगितलं असावं, ते थेट आमच्या पुढच्या दारात. मागे गल्लीतली दोन-चार माणसं.

"कुठी हाय ते बुढी? भायेर काढा तिले! आमच्या चुलीले हात लावते?"

मामी बाहेर आल्या. हाताला चिंधी बांधलेली.

"मी इथीच हावो, रामाजीभाऊ. मारा माराचं तं. पन पयले तुमच्या शेळीपाशी जाऊन या."

"शेळीले काय झालं?"

"ते तिले पुसा. तिले मी शिकोलं नाई."

मागचा एक माणूस हसला आणि मग गप्प झाला. रामाजी थोडा वेळ उभे राहिले. गेले. आम्ही कान देऊन बसलो. आवाज आला नाही, ना भांडणाचा, ना रडण्याचा.

सकाळी मी मागे गेले तेव्हा ते उकिरड्याजवळ खड्डा खणत होते. शेळी शेजारी पडली होती, पोट ताठ. त्यांनी शेळी खड्ड्यात घातली, साली घातल्या, गंज घातला, ताटलीही घातली. माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. काय मागतात ते मला आधी कळलं नाही. मग मी चकत्यांचं पोतं आणून दिलं. तेही त्यांनी आत टाकलं. मग म्हणाले, "तुमच्या बाजूले अजून हायेत का?"

"आहेत," मी म्हटलं. "आज काढते."

दोघांनी मिळून ती जागा ढवळून काढली, ते तिकडून, मी इकडून. प्रत्येक कंद मी टोकासकट काढला आणि टोपलीत ठेवला. रामाजी टोपलीकडे पाहत म्हणाले, "फूल मात्र लय सुंदर राह्यते याचं." आणि पावडा खांद्यावर घेऊन निघून गेले.

मी टोपली नदीत टाकायला निघाले होते. मामींनी अडवलं.

"कुठी नेतं?"

"टाकते. तुम्हीच म्हणत होतात ना..."

"नदीत टाकशील तं कुठी जाऊन लागन, कोन खाईन. आपल्या दारात हाय तोवर आपल्याले मालूम तं हाय." त्यांनी कोपऱ्यातल्या फुटक्या रांजणाकडे बोट दाखवलं. "त्याच्यात लाव. किती चालाचं ते तथीच चालू दे म्हना."

तेव्हापासून माझी कळलावी रांजणात. दर वर्षी पौषात मी ती काढून पाहते. कंद रांजणाच्या भिंतीपर्यंत जातो, तिथे अडतो आणि वळून परत फिरतो.

गुलाब फाल्गुनात बाळंत झाली. मुलगी. रुखमाबाईंनी त्या दिवसानंतर आमच्याशी एक शब्द काढला नव्हता. आभार नाही, शिवी नाही. भगदाड मात्र उघडं होतं. मामींनी काट्या परत भरल्या नाहीत, आणि त्यांच्या बाजूनंही कोणी भरल्या नाहीत.

उन्हाळा लागला होता. मामी सकाळी ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. गुलाब भगदाडातून वाकून आली, छातीशी फडक्यात गुंडाळलेली पोर. मागे, कुंपणापलीकडे, रुखमाबाई घागर घेऊन उभ्या होत्या. पाणी आणायला निघाल्या होत्या की लेकीच्या मागे आल्या होत्या, कोण जाणे.

गुलाबनं पोर मामींच्या पुढे धरली.

मामींनी हात मागे घेतले. उजव्या तळव्यावरची रेघ आता पांढरी झाली होती. त्यांनी गुलाबकडे पाहिलं नाही, तिच्या खांद्यावरून कुंपणाकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "लावू का वो हात? का नंतर वड्यासारखी ढोरायपुढं टाकसान?"

गुलाब तशीच उभी, पोर धरून.

रुखमाबाईंनी घागर कमरेवरून खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग कोणाकडेच न पाहता म्हणाल्या, "मान धरा म्हना तिची. अजून मान धरत नाई ते."

मामींनी पोर घेतली. मानेखाली हात दिला, तोच उजवा हात, आणि तिला मांडीवर घेतलं. पोरीनं जांभई दिली. रुखमाबाई घागर घेऊन विहिरीकडे गेल्या. परत येताना, भरली घागर डोक्यावर असताना, त्या भगदाडाशी थोडा वेळ थांबल्या. त्यांनी पोरीला हाक मारून परत नेलं नाही, आणि ती घरी गेल्यावर तिच्यावर पाणीही शिंपडलं नाही. मी ओसरीच्या खांबाआडून पाहत होते.